ज्याची गाडी त्यानं उठायचं

ग्रीन बे, विस्कॉन्सिन
मंगळवार, ९ जानेवारी १९६८

चि. नॉर्बर्ट यास,
ओडीलताईचे अ. उ. आ.

रविवार, दिनांक ३१ डिसेंबर १९६७, दुपारी तीन वाजून सव्वीस मिनिटं. फुटबॉलच्या अजिंक्यपदाचा सामना संपायला मैदानावरच्या घड्याळात चार मिनिटं पन्नास सेकंद उरले होते. आपण डॅलसच्या संघापेक्षा तीन गुणांनी मागे होतो आणि चेंडू नुकताच आपल्या हातात आला होता. त्या क्षणी तू माझ्या मांडीवर गाडीची किल्ली टाकलीस आणि म्हणालास, की ताई, जा, गाडी चालू करून ठेव, नाहीतर बॅटरी मरेल.

वेळेबद्दल वाद घालू नकोस. एक्केचाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर काढलीत मी. घड्याळ बघितल्याशिवाय मी शिंकतसुद्धा नाही. आणि नदीपलीकडे वीस मिनिटांवर राहणाऱ्या भावाला फोन न करता पत्र का, असं तुझी लोरेन विचारेल, तर तिला सांग, की फोनवर बोललेलं माणसं दुसऱ्या दिवशी नाकारतात. मी ते रोज कानांनी ऐकलंय.

बाबांचा नियम तुला आठवतो ना? पारा शून्याखाली गेला, की शेवटच्या पाच मिनिटांत एकानं उठून गाडी तापवायची, आणि ज्याची गाडी त्यानं उठायचं. बाबा स्वतः उठायचे. आपण जिंकत असलो तरी उठायचे, आणि बाहेरून आरोळी ऐकून स्कोअर ओळखायचे. त्या दिवशी पारा शून्याखाली तेरा होता, पंचांच्या शिट्ट्या ओठांना चिकटत होत्या, हे सगळं कबूल. पण गाडी तुझी होती. माझ्याकडे तर गाडीच नाही!

मी का उठले, हे मला अजून कळलेलं नाही. तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, हरायच्या भीतीनं. धाकट्याची कीव आली आणि मी एकोणचाळीस रांगा उतरून गेले. गाडी काही चालू झाली नाही. बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे रेडिओही नाही. काचांवर आतून बर्फ. तिथे मी माळ जपत बसले, आणि मग ती आरोळी आली. नॉर्बर्ट, पन्नास हजार माणसं ओरडली तेव्हा गाडीचं दार थरथरलं. मला कळलं की आपण जिंकलो, पण कसं, कुणी, ते काहीच नाही. १९२३ सालापासून मी या गावातला एकही सामना चुकवलेला नाही. आणि गावानं जन्मभर सांगावा असा जो क्षण होता, त्या वेळी मी एका मेलेल्या गाडीत होते.

नंतर तू आलास तो दोन अनोळखी माणसांच्या खांद्यांवर हात टाकून, लडखडत, हसत. ब्रँडी किती झाली होती ते मी त्या दिवशी विचारलं नाही. आज विचारते.

इथपर्यंत मी गिळलं असतं. पण परवाच्या रविवारी चर्चच्या सभागृहात मी आत स्वयंपाकघरात बूयाच्या रश्श्याचं पातेलं ढवळत होते आणि तू बाहेर शेगडीजवळ, जागचा न हलता, राजासारखा बायकोकडून वाढून घेत सगळ्यांना सांगत होतास, की ओडीलला थंडी सोसवेना, ती पाच मिनिटं आधीच उठून गेली. मी पळीसकट दारात उभी राहून ऐकलं. काल खाटकाच्या बायकोनं मला लोकरीचे मोजे देऊ केले! मला!

आणि कालच्याच टपालात तुझा तो अर्ज आला. तिकीट कचेरीचा. माझी जागा, एकोणचाळिसावी रांग, चौदा नंबर, तुझ्या जावयाच्या नावे करायची आणि मी खाली सही करायची. कारणाच्या रकान्यात तुझ्या अक्षरात लिहिलंय, 'वयोमानामुळे थंडी सोसत नाही.' हा संघ कुणा शेठजीचा नाही, गावाचा आहे. १९५० साली गावानं संघाचे शेअर घेतले तेव्हाचं माझं प्रमाणपत्र येशूच्या तसबिरीखाली टांगलेलं आहे. मी या संघाची मालकीण आहे आणि तू मला बाकावरून उठवतोस?

सही करणार नाही. खुलासा हवा.

तुझी, सध्या नाइलाजानं, ताई
ओडील जादँ

❋

ग्रीन बे, पश्चिम
मंगळवार, १६ जानेवारी १९६८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा लोरेन शेजारी उभी होती आणि हसत होती. परवा फ्लोरिडातला पुढचा सामनाही जिंकलो, तरी तुझा राग उतरला नसेल हे मला माहीत आहे. तुझा राग तिकडच्या उन्हातही वितळणारा नाही.

अगं, तू किती मनाला लावून घेतेस! सभागृहात मी जे बोललो ते गमतीनं. लोक हसले, विषय संपला. ब्रँडी म्हणशील तर पहिल्या सत्रातच ती बाटलीत गोठली होती, तेव्हा तो आरोप मागे घे.

अर्जाचं मात्र मनावर घे. तू त्रेसष्ट वर्षांची आहेस. एकोणचाळीस रांगा म्हणजे किती पायऱ्या झाल्या, ते तूच मोज. आपल्या जावयाचे, डुएनचे, खांदे बैलासारखे आहेत, असा माणूस बरोबर असलेला बरा. आणि तो घरचाच आहे. जागा जादँच्या रक्तात राहील, म्हणजे निदान नातवाच्या. पंधरा फेब्रुवारी ही शेवटची तारीख आहे, तोवर सही करून पाठव.

तो शेवटचा डाव कसा झाला, ते तू वर्तमानपत्रात वाचलंसच. मी वेगळं काय सांगणार?

मी सध्या घरीच असतो. पाय जरा आखडलाय, म्हणून स्टुलावर ठेवून पेपर वाचतो. तू इकडे येण्याची तसदी घेऊ नकोस, रस्ते फार निसरडे आहेत.

लोभ आहेच, तो या पत्रानंतर कमी करू नये.
तुझा धाकटा
नॉर्बर्ट

❋

ग्रीन बे, पश्चिम
शनिवार, २० जानेवारी १९६८

ती. वन्संना,
लोरेनचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी बेकरीत उभी राहून लिहितेय. ह्यांना कळलं तर घरात पोपच्या निवडणुकीसारखी दारं बंद करून चौकशी होईल. वाचून चुलीत घाला.

वन्सं, तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे. मीसुद्धा रागावले असते. पण ह्यांनी तुम्हाला सांगितलेलं सगळं अर्धं आहे. त्या दिवशी तिसऱ्या सत्रापासूनच ह्यांना पाय कळेनासे झाले होते. डाव्या बुटाचा तळ फाटलाय हे या हट्टी माणसानं मला महिनाभर सांगितलं नव्हतं. शेवटच्या पाच मिनिटांत नियमाप्रमाणे उठायला गेले, तर उठताच येईना. म्हणून किल्ली तुम्हाला दिली. तुम्हाला खरं सांगितलं असतं, तर तुम्ही चारचौघांत ह्यांना उचलून न्यायला माणसं गोळा केली असती, असं म्हणतात. त्यात खोटं काय आहे?

आणि ऐका. तो डाव ह्यांनी पाहिलेलाच नाही. शेवटचे सोळा सेकंद उरले तेव्हा पुढचे सगळे उठून उभे राहिले. हे बसलेले. ह्यांना दिसली ती फक्त पाठ, तपकिरी कोट घातलेल्या एका जाड्या माणसाची. कोटाला मागे ठिगळ होतं, ते मात्र अगदी बारकाईनं सांगतात. कुणी चेंडू नेला, कसा नेला, ते मला विचारत होते. मला! मी घरी डुकराचं मटण भाजत होते.

ती दोन माणसं ह्यांना उचलूनच आणत होती. हसत होते ते तुम्हाला कळू नये म्हणून.

डॉक्टर म्हणतात, हिमदंशानं पायाची दोन बोटं नक्की जाणार. तिसऱ्याचं मंगळवारी, तीस तारखेला ठरेल. पुढच्या मोसमात पायऱ्या चढायच्या तर कुणीतरी धरायला लागणार. दुसऱ्या कुणाला जागा मागायची ह्यांची हिंमत नाही आणि आपली जागा सोडवत नाही. मग तुमचीच घ्यायची म्हणाले, कारण तुम्ही ओरडाल, पण तुटणार नाही. मी म्हटलं, हे काय कारण झालं? तर म्हणाले, तू जादँ नाहीस, तुला कळणार नाही.

मी बोलले नाही असं समजा. लोभ असावा, आणि रागही जरा जपून वापरावा.
तुमची
लोरेन

❋

ग्रीन बे
मंगळवार, २३ जानेवारी १९६८

चि. नॉर्बर्ट यास,
ताईचे अ. उ. आ., दात ओठ खाऊन.

तपकिरी कोटाला ठिगळ कुठे होतं, डाव्या खांद्याला की उजव्या?

बातमी कुठून आली ते विचारायचं नाही. आमच्या धंद्यात ते सांगत नाहीत.

गधड्या! छप्पन्न वर्षांचा झालास आणि फाटका बूट घालून शून्याखाली तेरा अंशांत बसलास? माझ्या थैलीत लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड होते. मागितले असतेस तर मी काय चावले असते? चावले असते. पण मोजे दिले असते.

तुझ्यावरचा पहिला आरोप मी मागे घेते. तू नियम मोडला नाहीस, तुला उठताच आलं नाही. ब्रँडीचाही मागे घेते. त्याऐवजी नवा ठेवते, आणि तो जास्त मोठा आहे. दोन आठवडे तू मला भित्री ठरवलंस, पण पाय दुखतोय एवढं म्हणाला नाहीस. शाळेतल्या सिस्टर युफ्रेझी म्हणायच्या, की खोटं बोलणाऱ्यापेक्षा दुसऱ्याच्या नावावर खोटं खपवणाऱ्याला गुडघ्यावर जास्त वेळ बसवावं. तुझे गुडघे अजून शाबूत आहेत.

बाबांच्या दोन जागा, तेरा आणि चौदा. त्या दिवशी एकीवर मी नव्हते आणि दुसरीवरच्याला दिसलं नाही. पंचेचाळीस वर्षांत या गावानं पाहिलेला सगळ्यात मोठा क्षण, आणि जादँच्या घरात तो एकानंही पाहिला नाही! हे बाबांना वर गेल्यावर कोण सांगणार? मी नाही सांगणार. ते तुझं काम.

आता नीट वाच. अर्ज फाडून सोबत पाठवला आहे, चार तुकडे आहेत, मोजून घे. चौदा नंबर माझा. तेरा नंबर तुझा. डुएननं तुला पाठीवर घेऊन एकोणचाळीस रांगा चढवायच्या, बाकावर ठेवायचं आणि खाली जायचं. गाडी त्याची असणार, म्हणजे बाबांच्या नियमानं शेवटी गाडीत बसायचं तेही त्यानंच. बैलासारखे खांदे असून थंडी सोसली नाही, तर खाटकाच्या बायकोकडे मोजे आहेत.

पुढचे सगळे उभे राहिले, की मी बाकावर चढेन. त्रेसष्ट वर्षांची असले तरी चढेन. आणि जे दिसेल ते तुला शब्दाशब्दानं खाली सांगेन. एक्केचाळीस वर्षं दोन माणसांच्या मधे बसून मी हेच केलंय. माझ्यामुळे एकाही माणसाचा निरोप अर्धवट राहिलेला नाही.

येत्या रविवारी प्रार्थनेनंतर सभागृहात, शेगडीजवळच्या त्याच खुर्चीवरून, तुला सगळ्यांना सांगायचं आहे, की ओडील थंडीनं उठली नव्हती, मी तिला पाठवलं होतं. का पाठवलं ते सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी पळी घेऊन दारात असेन.

या सगळ्याला लेखी उत्तर हवं. फोन नको, आणि लोरेनच्या हातून तर मुळीच नको. शुक्रवार, दोन फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत पत्र माझ्या दारात पोहोचलं पाहिजे. नाही आलं, तर निसरड्या रस्त्यावरून मी स्वतः येईन आणि तुझ्या स्टुलासमोर बसेन.

आणि उत्तराची सुरुवात क्षमा मागून करू नकोस. पहिल्या ओळीत फक्त एवढंच लिही, की तिसरं बोट राहिलं का.

ताई