सहा घरांची चक्री

वडसा, १६ डिसेंबर १९८४
ठाण्यातून निरोप आला म्हणून लिहिते आहे. ह्यांचे रिव्हॉल्वर या आठवड्यात जमा करायचे. परवाना ह्यांच्या नावाचा. हे गेले, परवाना संपला. गोळ्या दिवाळीआधीच ठाण्यात दिल्या. आज पुसून द्यावे म्हणून गोळ्यांच्या घरांची चक्री बाहेर काढली. आता ती परत बसत नाही. सुटे भाग नेले तर विचारतील, मोडले की मोडून काही काढून घेतले? कोणाला दिले? सध्या जंगलात नक्षलवाद्यांचे जे चालले आहे त्यात हा प्रश्न साधा नाही. म्हणून काय केले ते माझ्या अक्षरात असावे.

काढले असे: घोडा अर्धा मागे. उजवीकडचे झाकण उघडे. सहाही घरे रिकामी, पुन्हा पाहिली. नळीखालची दांडी पुढे ओढली. चक्री तळहातावर आली. हे असेच करीत. दसऱ्याला ह्यांच्या लाकूड डेपोत सगळ्यांच्या बंदुका पूजेला मांडत, ह्यांचे मात्र घरीच राही. म्हणत, "यंत्राले तेल लागते, कुंकू नाई." बंदुकीच्या तेलाचा डबा कोरडा निघाला. घरात मोहाच्या बियांचे तेल होते, टोरीचे. तेच सढळ हाताने घातले.

१७ डिसें.
कडाक्याची थंडी. घोडा पूर्ण खाली असला की चौकटीतून एक खिट्टी वर येते, चक्री तिला अडते. हे कळायला सकाळ गेली. घोडा अर्धा केला, खिट्टी खाली गेली. तरी नाही. मागच्या फटीतून एक पोलादी बोट बाहेर आलेले. चक्री सरकवताना ते आत दबायला हवे. दबत नाही.

धाकटे दीर वामनभाऊ माजरीहून इथल्या झाडीपट्टीच्या नाटकाला आले आहेत. कोळसा खाणीत फिटर. एक डोळा मिटून पाहिले.
"वयनी, हे शिवणमशीन नोहे. लाकडी हातोडी द्या. एक टोला, बसते."
"खाणीत सगळं असंच बसवता?"
"कोळसा कुठी तक्रार करते?"
हातोडी दिली नाही. रुसून नाटकाचे तिकीट काढायला गेले.

ते गेल्यावर चक्री खिडकीशी धरली. सहा घरांतून सहा उजेड. मागे बारीक दाते, त्या बोटाने ढकलण्यासाठी. घोडा ओढला की बोट एक दाता ढकलते, एक घर नळीसमोर येते, खिट्टी तिथेच पकडते. केसभरही इकडेतिकडे नाही. कोणी माणूस बसून हे घासले असेल. इतकी वर्षे ही वस्तू घरात, आणि मी तिच्याकडे पाठ करून राहिले.

१८ डिसें.
सकाळी फळीवरून टोरीच्या तेलाची बाटली काढली. उलटी केली तरी थेंब पडेना. गोठून पांढरे, तुपासारखे. दरवर्षी थंडीत होते. दरवर्षी मीच ती उन्हात ठेवते.

सगळे सुपात घालून अंगणात मांडले, फाटक लावून. ऊन चढले तसे फटीतून तेल पाझरू लागले. चिंधीने टिपत राहिले. मग नखाने बोट दाबले. दबले, आणि सोडताच परत बाहेर आले. चक्री उजवीकडून घातली, जराशी फिरवत. दांडी सरकवली. टक.

घोडा हळू मागे ओढला. चार आवाज, एकामागून एक. हे आवाज मागच्या खोलीतून मी किती वेळा ऐकले होते, काय आहेत ते कधी विचारले नाही. घोडा अंगठ्याने धरून खाली सोडला. पुन्हा ओढला.

वामनभाऊ दारातून: "बसलं काय? हातोडीनंच ना?"
"उन्हानं."
त्यांना थट्टा वाटली.

१९ डिसें.
ठाण्यात मुन्शी म्हणाले, "बाई, हे उघडते कसं? नंबर पाहा लागते." चक्री काढून दाखवली, त्यांच्यासमोर परत बसवली. ठाणेदारांनी विचारले, "वारसाले अर्ज करता येते. पोरगा हाय काय?" नाही म्हटले. "मंग तुम्ही?" त्यांनी हसून विचारले नव्हते.

जमा केले: रिव्हॉल्वर एक, चक्री बसवलेली, फिरती, घरे रिकामी. दांडी जागेवर. चामडी म्यान एक. परवान्याचे पुस्तक.
मिळाले: पावती एक. वारसाच्या परवान्याचा कोरा अर्ज एक. मागितला नव्हता, परतही केला नाही.