रेडिओतला घुमणारा सूर

चि. पंचशीला हिस थोरल्या भावाचा जयभीम. माय आन् बाला सांग, केरबा पुण्यात धड हाय, दोन टायमाला पोटभर जेवतोय.

डोकं मात्र आमच्या गाण्याच्या पार्टीच्या मालकानं खाल्लंय. एवढा विजेचा ऑर्गन आणला, आन् मला म्हणतो त्याच्यावर सनई वाजव. सनई पाहिजे तर सनईवाला आण की. त्या ऑर्गनमधी खाली एक सूर हाय, नुसता घुमत राहतो. आपल्या घरामागच्या विहिरीवरली मोटार चालू केली की रेडिओत घुमायचा ना, अगदी तोच. लहानपणापासून मला गाण्यापरीस तोच लई गोड लागायचा, तू चिडायचीस. काल कार्यक्रमात तो सूर धरला, तर मालक म्हणतो, मशीन बिघडलं.

लातूर जिल्हा झाला म्हणं. पाऊस तेवढा न्हाई झाला.

आन् तू लिहितीस, घरी समदं ठीक हाय, रेडिओबी आता दिवसभर स्वच्छ वाजतोय. मला काय खुळा समजतीस का? मोटार चालू असली तर तो स्वच्छ वाजतोच कसा? विहीर कधी आटली ते सरळ लिही. पाणी कुठून आणता, आन् कोण आणतंय, तू का माय?

तुझ्यावर चिडलेला,
केरबादादा