नोंदींच्या सबनेटचा रस्ता

५ मे, रविवार
मिळालं! डायलिसिस केंद्रांचं सगळं नेटवर्क कोडमध्ये उतरवायचं काम मला! आमच्या मालकीणबाई, सित्त विदाद, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रुदैना करेल." उस्ताद नझमींनी मान वर केली नाही. सात वर्षं ते सगळं क्लाउडच्या पडद्यावर हाताने लावत आलेत. काय कुठे जोडलंय ते त्यांच्याच डोक्यात!

६ मे
तीन सबनेट, म्हणजे नेटवर्कच्या तीन खोल्या. प्रत्येकीला एक रूट टेबल जोडायचं — इथून कुठे जाता येईल त्याची यादी. वेबसाइटच्या खोलीतून इंटरनेटकडे रस्ता. रुग्णांच्या नोंदींच्या खोलीतून मुळीच नाही. आराखडा समोर ठेवून जोडण्या लिहिल्या. जेवायचं विसरले!
उस्ताद जाता जाता म्हणाले, "दोन क्लिकचं काम, पोरी. तू निबंध लिहितेस."
लिहिते! पुढच्या वेळी तोच निबंध पुन्हा चालवायचा, बस.

७ मे
कोड चालवण्याआधी तो सांगतो, काय काय बदलेल. खरं नेटवर्क आराखड्यासारखंच असेल, तर एकही बदल यायला नको होता. आला — एक! वाटलं, माझंच चुकलं. चारदा पाहिलं. नाही! नोंदींच्या सबनेटला बाहेरच्या रस्त्याचं टेबल जोडलेलं. मार्चपासून! सापडलं म्हणून उडीच मारली मी — आणि मग जोडणाऱ्याचं नाव पाहिलं. ते जोडलं होतं उस्तादांनी.

८ मे
आधी उस्तादांकडेच गेले. गच्चीवर मैरमीयाचा, म्हणजे सेजच्या पानांचा, चहा घेत होते. लॅपटॉप पुढे धरला. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.
"आत कुणी शिरलं?"
"सगळं तपासलं. कुणी नाही. फायरवॉलने वाचवलं."
"मग चालव. आत्ताच."
चालवलं. काही सेकंद — रस्ता बंद! मी ओरडलेच. ते हसले नाहीत.
"उस्ताद, सित्त विदादना सांगावं लागेल. तुम्ही सांगता?"
अर्धा चहा तसाच ठेवून खाली गेले.

९ मे, गुरुवार
सांगितलं त्यांनी! उभे राहून, सगळ्यांदेखत — "चूक माझी. शोधली हिने." सित्त विदाद स्वतःच एकेका केंद्राला कळवायला फोन लावत बसल्या. हाताने जोडणं आजपासून बंद. सगळं कोडमधून!

१२ मे, रविवार
सकाळी कुणीतरी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली. उस्ताद! कोरी वही उघडून म्हणाले, "पहिल्या ओळीपासून शिकव."