मैनेच्या मापाची झूल

पाम (बोईसर),
२८ जून २०२५

तीर्थरूप अण्णांस,
अपेक्षाचा कृ. शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मेसेज पाठवला तर तुमच्याआधी सगळी आळी वाचते. म्हणून हे पत्र. तुमचं खुब्याचं हाड कसं आहे? काठी घेऊन चालता की काठी दाराला टेकवून ठेवून लोकांना दाखवता? खरं ते लिहा.

तुमचं हाड मोडलं म्हणून मैना घोडी इथे आली, त्याला तीन आठवडे झाले. पहिला आठवडा मजेत गेला. शेजारची तानी डोंगरातून ओल्या गवताचा भारा आणते, तिच्या हातचं मैना खाते आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाही. पण अण्णा, ती छपराखाली येत नाही. भाग्येशने चार सुट्ट्या घालवून पत्र्याची शेड बांधली. आत नेली की दोन मिनिटांत लाथा सुरू. मागे वरातीहून येताना ट्रक उलटला तेव्हा सहा तास ती आत अडकून होती, ते तिच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. दोन पत्रे वाकवले, तुमच्या जावयाचा अंगठा थोडक्यात वाचला. तेव्हापासून ती मागच्या आंब्याखाली उघड्यावरच असते.

आणि इथला पाऊस तुम्हाला माहीत नाही. माणमध्ये वर्षभरात पडतो तेवढा इथे चार दिवसांत पडून मोकळा होतो. तिच्या पाठीवरचे केस खपल्यांसकट हातात येतात. उभ्या उभ्या थरथरते. बरगड्या मोजाव्यात अशी झालीय. पालघरहून जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. ते स्पष्टच म्हणाले, पाठ कोरडी राहिली नाही तर एकोणीस वर्षांची घोडी हा पावसाळा काढणार नाही. अंगावर झूल हवी, चरताना, लोळताना, पळताना टिकेल अशी. तयार झुली मिळतात त्या उंच्यापुऱ्या विलायती घोड्यांच्या, आत जाड अस्तर घातलेल्या. इथल्या उकाड्यात ती त्यात शिजून निघेल. म्हणून शिवूनच घ्यायची. माप कसं घ्यायचं ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?

तुमची अट मी मोडलेली नाही. बन्सीदादा रोज कंपनीची बस घेऊन आमच्या फाट्यावरून जातो, पण मैना इथे आहे हे त्याला कळू दिलेलं नाही. सख्ख्या भावाशी खोटं बोलताना माझी जीभ अडखळते, एवढं मात्र सांगून ठेवते.

उत्तर लवकर यावं. माझ्यावरची माया आहे तशी असू द्या.
तुमची,
अपेक्षा


वाघजाईवाडी, ता. माण,
४ जुलै

चि. सौ. अपेक्षा हिस अ. उ. आ.

काठी घेऊनच चालतो. दाखवायला इथे कोण बसलंय.

माप असं घे. सुतळी कानामागून धरायची, शेपटीच्या मुळापर्यंत न्यायची, वर एक हात जास्त. दोन्ही बाजूंनी गुडघ्यापर्यंत खाली आली पाहिजे. आखूड झूल घातलेली घोडी उघडी दिसते. आपल्या घरात तीन पिढ्या याच मापाने झुली शिवल्या आणि वरातीत लोक नवरा सोडून घोडी बघत राहिले. छातीवर दोन बंद, घट्ट. पोटाखालून पट्टा घ्यायचा नाही. पोटाखालून बांधतात ते ओझ्याच्या जनावराला. मैना वरातीची आहे, हे तिथल्या शिंप्याला समजावून सांग.

अटीचं पुन्हा लिहितो, कारण तुझी जीभ अडखळते म्हणतेस. अकरा वर्षांपूर्वी बन्सीने जिनाची गादी दुमडलेली ठेवली. मैनेच्या मानेखालच्या उंचवट्यावर जखम झाली, तीत किडे पडले, तीन महिने मी त्या घोडीजवळ बसून होतो. मी त्याला चार माणसांत चाबकाने मारलं, तो घर सोडून गेला, आणि मला त्याचं काही वाटत नाही. त्याचा हात तिला लागता कामा नये. ती जुनी जागा पुन्हा फुटली तर मी इथून गाडी पाठवून तिला परत आणीन. माझ्याच्याने तिचं होणार नाही, म्हणजे व्यापाऱ्याकडे जाईल. जाईल तर जाईल, पण हाल होऊन मरणार नाही.

जावईबापूंना अंगठा जपायला सांग. सुखी असा.
आनंदा


पाम,
१२ जुलै

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

झूल झाली. बोईसरला मेहुल नावाचा माणूस ट्रकच्या ताडपत्र्या शिवतो, त्याने तुमच्या मापाबरहुकूम शिवून दिली. रंग निळा आहे. इतका निळा की रस्त्यावरून जाणारे रिक्षावाले थांबून बघतात. तानी म्हणते, घोडी हाय की टेम्पो हाय, कायच कळत नाय. भाग्येशने तिचे फोटो काढून कामावरच्या सगळ्यांना पाठवले. मेहुलने कोपऱ्यात स्वतःचा फोन नंबरही रंगवून दिलाय, पुसता पुसला जात नाही.

बाकी सगळं ठीक. इथे भाज्या फार महागल्या आहेत. तुम्ही गोळ्या वेळेवर घ्या.

लोभ आहेच, तो राहो.
अपेक्षा


वाघजाईवाडी,
१८ जुलै

चि. सौ. अपेक्षा हिस आशीर्वाद.

पत्र मिळालं. झुलीचा रंग कळला, शिंप्याचा फोन नंबर कळला, भाज्यांचा भाव कळला. घोडीच्या पाठीबद्दल एक ओळ नाही. लहानपणी तू घागर फोडलीस की घरात येऊन शाळेतल्या बाईंच्या साडीचं वर्णन करायचीस. मी बहिरा झालोय, खुळा नाही.

मानेखालच्या उंचवट्याला हात लावू देते का? वैरण खाली वाकून खाते की मान वरच धरून उभी राहते? डाव्या अंगावर पडते की नाही? एवढ्या तीन गोष्टी लिही. रविवारी, २७ तारखेला गाडी सांगून ठेवली आहे. त्याच्या आत तुझं पत्र आलं नाही, किंवा आलं आणि त्यात पुन्हा भाज्याच असल्या, तर गाडी निघेल. व्यापाऱ्याशी बोलून झालं आहे.

आनंदा


पाम,
२२ जुलै, स्पीड पोस्टने

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

हात लावू देत नाही. मान वरच धरून उभी राहते. दहा दिवसांत आडवी झालेली नाही. तुमच्या तिन्ही प्रश्नांची ही उत्तरं, आता पुढचं वाचा, आणि शेवटपर्यंत वाचा.

मागचं पत्र लिहिलं तेव्हाच मला दिसत होतं. मी घाबरले होते. झूल घातली त्या दिवशी छान दिसली. दुसऱ्या दिवशी ताडपत्री भिजून जड झाली आणि मागे ओढली गेली. छातीवरचे बंद तुमच्या सांगण्याप्रमाणे घट्ट, पोटाखाली काही नाही, म्हणजे सगळा भार कुठे आला असेल ते तुम्हाला सांगायला नको. आतून घामाने ती चिंब. चौथ्या दिवशी तिने मला चावा घेतला. झूल उचलून बघितली तर उंचवट्यावरचं कातडं तळहाताएवढं सोललेलं. जुनी खूण जिथे आहे तिथेच, अण्णा, बोटभरही इकडेतिकडे नाही. मी मलम लावलं, खाली फडकं घातलं आणि तुम्हाला रिक्षावाल्यांच्या गमती लिहिल्या.

शनिवारी सकाळी झूल घसरून तिच्या पोटाखाली गेली. तिचे मागचे पाय त्यात अडकले आणि ती कुंपणाजवळच्या चरात पडली. पाणी तिच्या नाकाशी आलेलं. तानीने उडी मारून विळ्याने ताडपत्री फाडली, मी डोकं वर धरून बसले. भाग्येश कंपनीत अडकलेला. मी बन्सीदादाला फोन केला. अट मोडली. मला त्याचा पश्चात्ताप नाही, आणि झाला असता तर तसंही लिहिलं असतं.

तो बस फाट्यावर उभी करून धावत आला. चरात उतरला आणि तिला उठवली. मग बाहेर येऊन कुंपणापलीकडे जाऊन उभा राहिला. म्हणाला, अण्णांना चालायचं नाही, मी इथूनच सांगतो. मैना लंगडत त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या खांद्यावर तोंड ठेवून उभी राहिली. मी रडले, तानी रडली. तो रडला नाही, तो तिच्या कानामागे खाजवत राहिला.

माप त्याने पुन्हा घेतलं. कानापासून नाही. छातीच्या मधोमध टेप धरायची, खांद्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून आडवी न्यायची, मागच्या मांडीच्या टोकापर्यंत. पाच फूट नऊ इंच भरलं. तुमच्या सुतळीने आपण दीड हाताने मोठी झूल घातली होती. आता मेहुलने रेनकोटच्या कापडाची हलकी झूल शिवलीय, आत खांद्यापाशी गुळगुळीत अस्तर. गळा उंचवट्याच्या पुढे बसतो, वर उचललेला, खाली मूठ जाते. खांद्यापाशी चुण्या ठेवल्यात, पाय पुढे टाकताना ओढ बसत नाही. आणि हो, पोटाखालून दोन पट्टे आहेत, एकमेकांवरून आडवे गेलेले, हात जाईल इतके सैल. ओझ्याच्या जनावराला बांधतात तसेच. तुम्हाला राग येणार तो येऊ दे.

आता मला एक विचारायचं आहे. दादा हे बोलला नाही, मीच बोलते आहे. जीन त्या उंचवट्याच्या वीतभर मागे बसतं. गादी दुमडली असती तर जखम तिथे मागे झाली असती. जखम दिसली त्याच्या आदल्या दिवशीच्या वरातीत तुम्ही तिच्यावर ती लाल मखमलीची आरशांची झूल घातली होती, तुमच्या मापाची, छातीवर घट्ट बांधून, आणि त्या दिवशी गुलालपाण्याने ती भिजली होती. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, मला आठवतंय. तुम्ही ती झूल कधी उलटून बघितलीत का?

रविवारी गाडी पाठवायची तर पाठवा. मी फाटकात उभी असेन.

तुमची,
अपेक्षा


वाघजाईवाडी,
२६ जुलै

चि. बन्सी यास आशीर्वाद.

गाडी नको म्हणून सांगितलं. हे पत्र अपेक्षाच्या पत्त्यावर पाठवतो, तुझा पत्ता माझ्याकडे नाही. असायला हवा होता.

काल पेटी उघडली. पेटीत खाली जिनाची गादी होती, तिला कुठे काही नाही, स्वच्छ. मग मखमलीची झूल उलटी केली. मानेच्या जागी अस्तराला काळा डाग आहे, हाताएवढा, वाळून कडक झालेला. अकरा वर्षं ती माझ्या उशापाशी पेटीत होती. मी दर दसऱ्याला वरून फडकं मारत होतो. उलटून बघायला मला कुणी अडवलं नव्हतं.

तू त्या दिवशी म्हणाला होतास, अण्णा, झूल जड झालीय, काढू या. माणसं ऐकत होती म्हणून मी तुला गप्प केलं. तुला मारलं तेव्हाही ते मला आठवत होतं. दुसऱ्या दिवशी जखम दिसली आणि मी गादीचं नाव घेतलं. पुढे माझा मलाच त्यावर विश्वास बसला. तुझी आई जाताना तुझं नाव घेत होती, तेव्हाही मी गादीचीच गोष्ट सांगितली.

मैनेला आता तूच बघ. पट्टा किती सैल ठेवायचा ते मला कळत नाही. हाड जुळलं की येईन, तेव्हा मला शिकव. तुझ्या पाठीवर

इथे काही लिहून खोडलं आहे, ते वाचू नकोस.

आनंदा


बोईसर,
१ ऑगस्ट

तीर्थरूप अण्णांस,
बन्सीचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. मैनेच्या जखमेवर खपली धरली आहे. आज सकाळी ती डाव्या अंगावर आडवी झाली आणि तासभर झोपली. डॉक्टर म्हणाले, आता हा पावसाळा काढेल. झूल रोज दोनदा काढून बघतो. पट्ट्याखाली चार बोटं गेली पाहिजेत, एवढंच आहे, शिकवण्यासारखं काही नाही.

खोडलेलं मी वाचलं. तुम्ही पेन फार दाबून लिहिता, कागदाच्या मागच्या बाजूने सगळं लागतं. पाठीवरचे वळ कधीच गेले, अण्णा. या.

बन्सी