जोड बघायचा राहिला

रविवार, १२ मार्च
दुपार

माझ्या थोरल्यास,

पोटभर आशीर्वाद. इथे सगळं खुशाल आहे असं सुरुवातीला लिहायचं असतं म्हणे, म्हणून लिहायला लावलं. खरं किती, ते पुढे बघ.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू विचारतोस जेवलात का, आम्ही हो म्हणतो, तू बरं म्हणतोस, तेवढ्यात तुझ्या गोदीतला भोंगा वाजतो आणि तू वेल्डिंगचा चष्मा चढवून पळतोस. पत्राला भोंगा नाही. मी बोलते आहे आणि तुझी लेक लिहिते आहे. मला अक्षरओळख नाही, तेव्हा माझ्या नावावर हिने काहीही खपवलं तरी मला कळायचं नाही. आत्ता हसते आहे. तेही लिही म्हटलं.

आधी बातम्या. सूनबाईला बेकरीत पहाटेची पाळी लागली, ती आत झोपली आहे. जिन्यातला दिवा गेला तो गेलाच. वरचा शिंपी रोज माझ्या बादलीला अडखळतो आणि बादलीचीच माफी मागतो. माझी तब्येत उत्तम, फक्त दातांनी दगा दिला, म्हणून घरात सगळं मऊच शिजतं. तू कवळी करून घे म्हणालास. राहू दे.

लेकीला आराखडे काढायच्या शाळेत जागा मिळाली, हे तिने तुला सांगितलंच आहे. जूनमध्ये होस्टेलवर जाईल. मग खोकणार कोण? तो भुंकल्यासारखा खोकला जन्मापासूनचा, म्हणून तर आपण तिला राखणदार म्हणतो. ती गेली की दाराला आतून कडी लावावी लागेल. हे वाक्य लिहिताना तिने कुरकुर केली. सोळा वर्षांची झाली, आता तिला मान हवा.

तिच्या जन्माच्या वेळचं आठवतं का रे? अन्ननलिकेचा एक तुकडा वर, एक खाली, मधे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी छाती उघडून डॉक्टरांनी जोडली. दवाखान्याच्या व्हरांड्यात तू मला समजावलंस, "आई, दोन पाईप जोडलेत, बस." पण डॉक्टर पुढेही काही म्हणाले होते, तेही तूच सांगितलंस. मोठी झाली तरी दाखवत राहा. जोड आवळू शकतो, पोटातलं आंबट वर येऊन नळी आतून सोलू शकते, आणि सवय झाली तर पोरगी सांगायचीही नाही. सात-आठ वर्षांची होईपर्यंत आपण नेत होतो. मग ती धावायला लागली, भांडायला लागली, आपल्याला वाटलं झालं बरं. नेऊ नका असं कुणी म्हणालं नाही. नेणं राहून गेलं. बोटीचा सांधा तू कितीदा तपासतोस ते सांगत असतोस ना मला?

इथे पेन थांबलं. मला वाचता येत नाही, पण कान शाबूत आहेत. मी एवढं लांबलचक बोलले आणि कागदावर दोनदाच खरखर झाली. म्हटलं, वाच बघू. तिने न अडखळता माझं सगळं बोलणं म्हणून दाखवलं. म्हटलं, छान वाचतेस, आता तेच लिही. तर लिहिते आहे.

आता दातांचं. माझे दात सगळे जागेवर आहेत. काल अक्रोड फोडला. मऊ शिजतं ते हिच्यासाठी. आधी पावाची कड अडकायला लागली, मी कड काढली. मग मांस अडकलं, मी बारीक वाटलं. भात पातळ केला. घासागणिक पाणी. ती म्हणाली, आजी, कुणी विचारलं तर तुझ्या दातांचं नाव सांग. मला गंमत वाटली. आणि माझ्या हातचं तिला अडकत नाही याची ऐटही होती, सूनबाईसमोर तर फारच. मी तिला सांभाळत नव्हते रे. नळी किती अरुंद झाली आहे ते झाकत होते.

मंगळवारी बटाटा अडकला. माझ्या हातचा, लोण्यासारखा. बेसिनवर वाकून उभी होती, लाळ गळत होती, पाण्याचा घोटही परत येत होता. मी पाठीवर हात फिरवत राहिले, त्या जुन्या व्रणापाशी, जिथे खांदा जरा उतरला आहे. बऱ्याच वेळाने बटाटा खाली गेला. तिने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाबाला सांगितलंस तर मला कुणी तिकडे पाठवणार नाही."

मी म्हटलं, "आणि तिथल्या खानावळीत तुझा बटाटा कोण कुस्करणार?"

"मी उपाशी राहीन. मला येतं."

कधी शिकली ही ते, मी समोर बसलेली असताना?

मुलांच्या दवाखान्यात आता घेणार नाहीत, मोठ्यांच्या दवाखान्यात न्यावं लागेल. तिथे विचारतील, जन्मल्यावर काय काय केलं होतं. सूनबाई तेव्हा स्वतःच अंथरुणाला खिळलेली, आणि मला डॉक्टरांचं अर्धं बोलणं कळलं नव्हतं. ऐकलं ते तू. म्हणून तू ये, जूनच्या आत. नळीत कॅमेरा घालून बघतील. अरुंद असेल तर लहानपणी केली तशी रुंद करतील. आणि तिला शाळेत पाठवू नकोस असं या पत्रात कुठेही नाही. ती जाणार, नळी दाखवून जाणार. हे वाक्य तिने दोनदा लिहिलं असेल तर हसू नकोस.

माझ्यावर रागवायचं असेल तर समोर येऊन रागव.

खाली हिच्यासाठी जागा सोडायला सांगितली आहे. तिथलं मी वाचून घेणार नाही. कोरी आली तर समज, मी फार उशिरा बोलले.

दात असलेली,
तुझी आई

बाबा, आजीने सांगितलं तसंच सगळं लिहिलं आहे. फक्त तिला वाटतं की तिने मऊ केलेलं मला मंगळवारीच पहिल्यांदा अडकलं. तेही अडकतंय, त्याला वर्ष झालं. मी बेसिनचा नळ सोडून ठेवते, म्हणून तिला ऐकू येत नाही. हे तिला सांगू नकोस. लवकर ये.