वाढवून दिलेले दोन टक्के

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार

दिव्यांग दाखल्यांचा दिवस. तपासायला डॉक्टर दोन — इंद्रजीत सर आणि मी. बाहेर सत्तर माणसं. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. पालघरात हे कुणालाच विचित्र वाटत नाही.

नवापूरचे कमलाकांत आले, सोबत बायको जमना. बोटीवर दोरात सापडून उजव्या हाताची तीन बोटं गेली. तक्त्याप्रमाणे मोजलं — ३८ टक्के. पेन्शनला ४० लागतात.

जमना म्हणाली, "दोन टक्के म्हंजे किती बोटं, डॉक्टर?"

तक्त्यात याचं उत्तर आहे. मी पुढचं नाव पुकारलं.

पुढचा मनीष, कुणा पुढाऱ्याचा भाचा. तीन जिने चढून आला, साधा दमलाही नव्हता. सरांनी पाय न बघता ४५ लिहिले. "वरून फोन होता," म्हणाले.

६ फेब्रुवारी

नियम फक्त माझ्याच पेनात आहे का?

१२ फेब्रुवारी, बुधवार

कमलाकांतना परत बोलावलं. ४० लिहिले. मग दिवसभर स्वतःचं भारी कौतुक वाटत राहिलं. बोईसरला उतरून जिलबी घेतली — एकटीसाठी!

१० जून

पत्र आलंय. नेमके ४० टक्के दिलेले सगळे दाखले संशयास्पद. फेरतपासणी दुसऱ्या जिल्ह्यातले डॉक्टर करणार. ४५ वाल्यांवर कुणाचाच संशय नाही.

माझी नोकरी — आणि कमलाकांतची पेन्शन, दोन्ही धोक्यात.

१४ जून, शनिवार

नवापूरला जाऊन आले. जमनाने चहा दिला. मी कमलाकांतना शिकवत बसले — मूठ पुरती मिटायची नाही, दाबलं की दुखतं म्हणायचं. असं करणाऱ्यांना मी दर बुधवारी झापते.

"म्हंजे खोटं बोलाचं?" त्यांनी विचारलं.

"थोडंसं."

मला चहा संपवेना.

२७ जून

कमलाकांतचा फोन. त्यांना ५२ टक्के दिले.

तिथल्या डॉक्टरांनी सदरा काढायला सांगितला. दोराने कोपरही पिरगळलं होतं. तेव्हापासून हात सरळ होतच नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी बोटांचंच इचारलं."

आणि वर म्हणाले, "तुमची किरपा हाय, डॉक्टर."