चार नंबरचा कॅमेरा

१५ एप्रिल
काल जयंतीच्या मिरवणुकीत मनसोक्त नाचलो आणि आज दुखऱ्या पायांनी वारणानगरहून उचगावला नोकरीवर हजर! मंगल कार्यालयातली लग्नं परगावच्या नातेवाइकांना मोबाइलवर थेट दाखवायची. कॅमेरे चार. कुठलं चित्र केव्हा सोडायचं, ते कोपऱ्यातल्या टेबलावरच्या मिक्सरवर मी ठरवायचं. म्हणजे नवरदेवाखालोखाल मान माझाच! कॅमेरामन बाबासोंनी रंग जुळवायला पांढरं फडकं कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाले, पावणं, हितं जेवाण झ्याक मिळतंय, झोप न्हाय.

१९ एप्रिल
रोज दोन लग्नं. वही टेबलावरच ठेवतो, जमेल तसं लिहितो. सगळी चित्रं एका वेळेला यावीत म्हणून बाबासो स्टेजवर टाळी वाजवतात, मी पडद्यावर बघतो. बाल्कनीतल्या चार नंबरवर टाळी आधी दिसते. बाकीच्यांची चित्रं मागे पडत असतील. मालक दत्तप्रसाद म्हणाले, चारला मिक्सरमधनं जरा उशिरा दाखीव की, जुळतंय. जुळलं.

२६ एप्रिल
चार पुन्हा पुढे. पडद्यावर अक्षता पडल्या म्हणून मान वर केली, तर समोर माणसं अजून मुठी मिटून उभी. बाबासोंना सांगितलं. ते हसले, म्हणाले, वाईच झोप काढा पावणं. खरंच झोप नाही, डावा हातही दुखतो. चारला अख्ख्या एका मंगलाष्टकाएवढा उशीर लावून टाकला. जुळल्याशी मतलब.

३ मे
दिव्यांची कमान कोसळली. बाबासो खालीच उभे होते. गेले.

चारचं मूळ रेकॉर्डिंग बघितलं. त्यात आवाज हॉलच्या माइकचा, चित्र कॅमेऱ्याचं. चित्रात कमान पडलेली, आवाजात बाबासो अजून हसताहेत, पाणी मागताहेत. तेवढ्यात मी त्यांना हाक मारून बाजूला घेतलं असतं. ते चित्र मीच अडवून ठेवलं होतं. रडूही येत नाही, इतका दमलोय.

५ मे
उशीर काढून टाकला. मालकांना सगळं सांगितलं. म्हणाले, सीझन सरू दे, मग त्यो भंगारात घालू. आता फक्त चारकडे बघतो. कुणाचं काही दिसलं तर लगेच ओरडायचं. डोळे मिटता कामा—

७ मे
झेंडूची आरास. चारवरही आजचीच.

त्यात अक्षता पडल्या. कोपऱ्यात मी, टेबलावर डोकं ठेवून. झोपलोय. मला माझाच हेवा वाटला.

मग मालक धावत आले. मला हलवलं. पुन्हा हलवलं. आणि ते पांढरं फडकं माझ्या तोंडावर—

समोर अजून शेवटचं मंगलाष्टक चाललंय. उठायला हवं. ओरडायला— हात जड झालाय. घाम. या माइकच्या आवाजात कोण ऐकणार—

फडकं इथेच आहे. घडी घातलेलं.

सगळ्यांच्या मुठी वर— डोकं जरा टेकतो, जरासंच—